सवडीचे पक्वान्न

दिवाळी अंकात पाककृती द्यायची म्हणजे अनारसे, चिरोटे आणि कडबोळी ह्यांच्या रांगेत आणखी एकीची भर घालायची, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी मात्र ह्या खेपेला आपणांपुढे एक परकी वस्तू ठेवणार आहे. इंग्रज लोक तिला राईस पुडिंग म्हणतात. तांदूळ, दूध, साखर, लोण्याचा एक लहानसा गोळा आणि वरून किसलेले जायफळ, अशा अवघ्या पाच जिनसा. त्या एका पसरट भांड्यात घालायच्या, भांडे मंद ओव्हनमध्ये ठेवायचे आणि दोन तासांनी बाहेर काढायचे. वर तांबूस साय धरलेली असते आणि तिच्याखाली रबडीसारखे दाट, चमच्यावरून सावकाश ओघळणारे, मऊ पक्वान्न तयार असते.

‘अहो, मग ही आपली तांदळाची खीरच की!’ असे कोणीही म्हणेल. नुसत्या जिनसा पाहिल्या तर ते खोटेही नाही. फरक आहे तो करणारीच्या पायांत. आपली खीर किंवा बासुंदी शेगडीवर होते, आणि शेगडीची आच येते ती फक्त खालून. म्हणजे दूध तळाला लागणार, म्हणजे पळी हातात धरून कोणीतरी समोर उभे राहणार! दोन लिटर दुधाची बासुंदी आटवताना दारावरची घंटा वाजली की जीव कसा अर्धा होतो, हे मी गृहिणींना सांगायला नको. ओव्हनमध्ये आच सर्व बाजूंनी आणि सारखी येते. दूध खळखळून उकळत नाही, काठाशी नुसते हुळहुळत राहते. तळाला लागण्याची भीती जवळजवळ संपली की उभे राहण्याची गरजही संपते. पुडिंग आपले आत शिजत असते आणि आपण बाहेर मासिक वाचत असतो.

ह्या पदार्थाच्या दाटपणाविषयी मात्र फार गैरसमज आहेत. कोणी त्यात अंडी फोडायला सांगतात, कोणी कॉर्नफ्लोअर लावायला सांगतात, कोणी डब्यातले गोड आटीव दूध ओततात, तर कोणी वाटीभर क्रीम. माझ्या मते ही सारी घाईची लक्षणे आहेत. अंडे घातले की ते कस्टर्ड होते. (कस्टर्डच हवे असेल तर मुंबईच्या पारशी मंडळींचे लग्नातले कस्टर्ड खावे. त्याला तोड नाही.) कॉर्नफ्लोअरने येतो तो दाटपणा खळीसारखा, जिभेवर चढून बसणारा. राईस पुडिंगचा खरा दाटपणा तांदळातूनच येतो, आणि तो येण्यासाठी तांदूळ कमी लागतो.

हे जरा विचित्र वाटेल म्हणून उलगडून सांगते. तांदळाच्या दाण्यात पिष्टाचे सूक्ष्म कण गच्च भरलेले असतात. भोवतालचे दूध साधारणपणे सत्तर अंशांच्या आसपास तापले की हे कण पाणी शोषून फुगू लागतात आणि त्यांतले थोडे पिष्ट सुटून दुधात उतरते. हे सावकाश घडले तर दाणा मोडत नाही, आतपर्यंत लुसलुशीत होतो आणि भोवतालचे दूध साटीनसारखे गुळगुळीत होते. इकडे पिष्ट उतरत असते, तिकडे दुधातले पाणी वाफ होऊन उडत असते. दोहोंची गाठ पडते तेव्हा पुडिंग झाले. तांदूळ जास्त घातला तर तो सगळे दूध आपणच पिऊन टाकतो आणि ओव्हनमधून निघतो तो वडीसारखा कापता येणारा दूधभात. एक लिटर दुधाला नव्वद ग्रॅम तांदूळ पुरे, म्हणजे मापाची अर्धी वाटी. भांड्यात पाहिले तर तळाशी चिमूटभर दाणे आणि वर दुधाचे तळे! तिथे कोणाचाही हात आणखी मूठभर टाकायला शिवशिवतो. तो आवरावा.

तांदळाची निवड म्हणजे अर्धी लढाई. पाहुण्यांसाठी म्हणून डब्यातला बासमती बाहेर काढू नये. लांब दाण्याच्या तांदळाचा गुण मोकळे राहण्याचा, आणि इथे तोच अवगुण ठरतो. विलायतेत ह्यासाठी आखूड, गोलसर दाण्याचा तांदूळ पुडिंगचा तांदूळ म्हणून निराळा विकतात. आपल्याला तिकडे पाहण्याचे कारण नाही. पुण्याच्या पश्चिमेला मुळशी आणि मावळात होणारा आंबेमोहोर जणू ह्याच कामासाठी जन्मला आहे. दाणा बुटका, शिजल्यावर मऊ आणि चिकटसर, आणि वासाला आंब्याच्या मोहोराची आठवण. अस्सल आंबेमोहोर महाग पडतो आणि दर वेळी अस्सल मिळतोच असे नाही. त्याच्याच वंशातला इंद्रायणी आता कोणत्याही वाण्याकडे असतो, त्यानेही काम छान होते. आजऱ्याचा घनसाळ ज्यांना मिळत असेल त्यांचा तर मला हेवाच वाटतो.

आता थोडे ह्या पुडिंगच्या कुळाविषयी, कारण ते वाटते तितके साधेसुधे नाही. इंग्लंडात तांदूळ पिकत नाही. मध्ययुगात तो दूरच्या देशांतून येई आणि श्रीमंतांच्या घरी मसाल्यांच्या बरोबरीने जपून ठेवला जाई. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास जो पाकसंग्रह केला, त्यात बदामाच्या दुधात शिजवलेला तांदूळ आहे, आणि तोही उपासाच्या दिवसांसाठी. तिथल्या उपासाला मांस आणि दूध दोन्ही वर्ज्य असे, पण तांदूळ चाले! आमच्या आजीने हे ऐकले असते तर तिने त्या राजाच्या आचाऱ्यांना स्वयंपाकघरातून हाकलून दिले असते. पुढे १६१५ साली गर्व्हेज मार्कम नावाच्या गृहस्थाने गृहिणींसाठी एक पुस्तक लिहिले. त्यातली तांदळाची कृती सुरू होते ती दुधात रात्रभर भिजवलेल्या तांदळाने, मग येते साय, मग अंड्यांचे बलक, मनुका, खजूर, लवंग. वाचता वाचता तोंडाला पाणी सुटते, आणि नेमक्या त्याच वेळी गृहस्थ त्यात गाईची चरबी घालून सारे मिश्रण आतड्यांत भरायला सांगतात. पुस्तक मिटावे असे वाटते.

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या कॅरोलिनाचा तांदूळ विलायतेत येऊ लागला. तो पिकवला पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी. पुष्कळांच्या मायभूमीत पिढ्यान् पिढ्या भातशेती होत होती आणि ते ज्ञान त्यांच्याबरोबर आले होते. जायफळाची कथाही फारशी गोड नाही. ते येई पूर्वेकडच्या बांदा बेटांवरून, आणि त्या चिमुकल्या बेटांपायी डच आणि इंग्रज इतके भांडले, की १६६७ च्या तहात जायफळाचे एक बेट डचांकडे राहिले आणि त्यांचे अमेरिकेतले मॅनहॅटन इंग्रजांकडे. आपण पुरणात आणि श्रीखंडात चिमूटभर किसतो ते हेच जायफळ! मिसेस बीटन बाईंचा जाडजूड ग्रंथ १८६१ साली निघाला, तोवर पुडिंग आतड्यांतून सुटून भांड्यात आले होते. बाईंनी भाजलेल्या पुडिंगच्या दोन कृती दिल्या आहेत. एक अंडी, मनुका आणि ब्रँडी घातलेली, मातबर घरची, आणि दुसरी साधी, मुलाबाळांच्या घरची. टिकली ती दुसरी.

ती का टिकली, हे मला पुस्तकांतून कळले नाही, लीड्सच्या एका घरमालकिणीकडून कळले. माझे यजमान इचलकरंजीचे. कापडविद्येच्या शिक्षणासाठी ते लीड्सच्या विद्यापीठात गेले होते. १९७४ ते १९७७ अशी तीन वर्षे आम्ही तिथे एका अरुंद, विटकरी घराच्या वरच्या दोन खोल्यांत काढली. खाली घरमालकीण एकटी राही. वय सत्तरीच्या घरात. नवरा कोळशाच्या खाणीत होता, आम्ही जाण्यापूर्वी दोन वर्षे वारला होता. घरातला गॅसचा मीटर नाण्यावर चाले. दहा पेन्सचे नाणे टाकावे आणि तेवढ्यापुरता गॅस जाळावा. पेन्शनीत भागवणारी ही बाई नुसत्या पुडिंगसाठी ओव्हन कधीही पेटवत नसे. रविवारी मांस भाजायला ओव्हन लागेच. त्याच्या अगदी खालच्या, कमी आचेच्या फळीवर पुडिंगचे भांडे ती सरकवून देई. जे नाणे एकदा पडले त्यातच दुसरा पदार्थ! आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्या वाट्याला पुडिंगची वाटी येई. त्याच ओव्हनमध्ये मांस भाजलेले असते हे यजमानांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मला त्यांनी ते चार रविवार उलटल्यावर सांगितले. तोवर उशीर झाला होता.

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातही हीच युक्ती आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तिथे दूध, तांदूळ, साखर आणि दालचिनी मातीच्या भांड्यात घालून पाव भाजून झाल्यावर उतरत्या आचेच्या भट्टीत पाच-सहा तास ठेवून देतात. वर जाडसर गडद पापुद्रा येतो. जिथे दूध भरपूर आणि उरलेली आच फुकट, तिथे हा पदार्थ आपोआप सुचत असावा.

सायीविषयी सांगायचे राहिले. इंग्लंडात घरोघरी ह्या तांबूस सायीवरून दोन पक्ष असतात. काहींना ती डोळ्यांसमोर नको असते, काही तिच्यासाठी जीव टाकतात. आमची मालकीण आणि तिचा नवरा दोघेही दुसऱ्या पक्षातले, त्यामुळे चाळीस वर्षे दर रविवारी त्यांचे सायीवरून भांडण होई. शेवटी सुरीने बरोबर मधोमध रेघ मारून वाटणी करायची, असा तह ठरला. नवरा गेल्यावरही ती रेघ मारीच. अर्धी साय स्वतः खाई, अर्धी बशीत काढून माझ्या यजमानांसाठी वर पाठवी. मला कधी नाही. एकदा यजमान परगावी गेले होते, तेव्हा ती अर्धी साय तिने बशीत झाकून ठेवली आणि सोमवारी संध्याकाळी ते आल्यावर त्यांच्या हाती दिली. एव्हाना ती चामड्यासारखी झाली होती. यजमानांनी ती मुकाट्याने खाल्ली.

पुण्याला परतल्यावर मी दिवाळीत हे पुडिंग करायचा बेत सासूबाईंच्या कानावर घातला. त्या एकदम म्हणाल्या, “अगं, सणाला तांदळाची खीर? ती पितृपक्षातली!” आपल्याकडे पुष्कळ घरांत तांदळाची खीर श्राद्धाच्या पानावरची. सणाला शेवयांची किंवा गव्हल्यांची चालते, तांदळाची नाही. ‘ही खीर नव्हे, पुडिंग आहे’ वगैरे मी सांगून पाहिले. त्यांनी जिनसा विचारल्या, मी पाचही सांगितल्या, आणि माझी बाजू तिथेच पडली. मग मी त्यांना त्या अर्ध्या सायीची हकीगत सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे तिथेही ती त्याच कामाची.”

निकाल असा लागला, की दिवाळीचे पाच दिवस सोडून पुढच्या रविवारी पुडिंग करायचे. तो नेम आमच्याकडे आजतागायत आहे. मालकिणीचे पत्र दर नाताळात येई. १९८४ च्या नाताळात आले नाही, आणि नव्या वर्षात शेजारणीचे दोन ओळींचे पत्र आले. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला सासूबाईंनी खिरीची एक वाटी जास्त काढायला सांगितली. ती कोणासाठी, हे घरात कोणी विचारले नाही.

आता कृतीकडे वळते. दीड-दोन लिटरचे पसरट भांडे घ्यावे, जाड काचेचे, चिनी मातीचे किंवा केकचे अॅल्युमिनियमचेसुद्धा चालेल. उभट भांड्यात साय थोडी येते आणि वाफ कोंडते. भांड्याला आतून लोणी फासावे. नव्वद ग्रॅम तांदूळ एकदाच पाण्यातून काढावा. चोळून चार पाण्यांनी धुवू नये, कारण जे पिष्ट आपल्याला हवे तेच मोरीत जाते. भिजत घालू नये. त्यात साठ ग्रॅम साखर, चिमटीभर मीठ आणि एक लिटर गरम दूध घालावे. थंड दुधानेही पुडिंग होते, पण वेळ वाढतो. वर बिनमिठाच्या लोण्याचे वीस ग्रॅम तुकडे सोडावेत आणि पाव जायफळ किसावे. साखरेऐवजी गूळ घालायचा मोह काहींना होतो. तापलेल्या दुधात गुळाने काय होते ते आपण जाणताच.

दुधाविषयी एक खुलासा. विलायतेतले दूध गाईचे, त्यात साधारण साडेतीन-चार टक्के स्निग्धांश, म्हणून तिथल्या कृतींत कधी क्रीम घालतात. आपल्याकडचे पिशवीतले फुल क्रीम दूध सहा टक्क्यांचे असते. त्यात आणखी क्रीम घालणे म्हणजे तूप तरंगत ठेवणे. मी निम्मे फुल क्रीम आणि निम्मे गाईचे दूध घेते. नुसत्या म्हशीच्या सायीच्या दुधाचे पुडिंग दुसऱ्या वाटीलाच नको होते, असा माझा अनुभव आहे.

ओव्हन आधी तापवून दीडशे अंशांवर ठेवावा. अर्ध्या तासाने भांडे थोडे बाहेर ओढून, धरू लागलेली साय मोडून, तळापासून ढवळावे, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. पुढच्या अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. ह्या दोन साया आतच विरघळतात आणि पुडिंगला बासुंदीचा भास देतात. मग मात्र शेवटच्या तासात दार उघडू नये. ह्याच तासात शेवटची साय धरते. पृष्ठभागावरचे पाणी उडते, दुधातली प्रथिने आणि साखर एकवटतात, आणि आचेने तांबूस होतात. खमंग वास सुटतो तो तेव्हा.

पुडिंग झाले कसे ओळखावे? भांडे हलकेच हलवले तर मध्यभाग थरथरला पाहिजे. घट्ट बसलेले दिसले तर ते जास्त झाले असे समजावे, कारण निवताना ते आणखी आळते. आपल्याला हवे त्यापेक्षा थोडे पातळ असतानाच बाहेर काढावे. वेलदोडा, केशर, बदामपिस्ते घालावेत का, असे मला नेहमी विचारतात. जरूर घालावेत, पण मग सरळ खीर करावी! इथे दुधाची आणि भाजल्या सायीची चव कळायला हवी, आणि वेलदोडा एकदा आला की घरात दुसऱ्या कोणाचे बोलणे ऐकू येत नाही.

विजेचा हिशेबही सांगून टाकते. दोन हजार वॅटचा घरगुती ओव्हन दोन तास सलग चालला तर चार युनिटे जाळील. प्रत्यक्षात ठरलेले तापमान आले की तो मधून मधून आपोआप बंद होतो, तेव्हा खर्च त्याहून कमीच. तरीही एका भांड्यासाठी तो पेटवायला माझा हात धजत नाही. त्या वेळी मी दुसऱ्या फळीवर रताळी किंवा बीट भाजायला ठेवते. ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांनी जाड कढईत मिठाचा थर देऊन, वर झाकण घालून, मंद आचेवर भांडे ठेवून पाहावे. दाटपणा येतो, तांबूस साय मात्र येत नाही, कारण वरून आच नाही. कायस्थ प्रभूंच्या घरी निनावासाठी झाकणावर निखारे ठेवीत, ती जुनी तोड ह्याच अडचणीवर होती.

इंग्रज मंडळी वाढताना मध्ये चमचाभर जाम घालतात. शाळेच्या जेवणात रोज हेच वाढले गेल्यामुळे तिथल्या पुष्कळ मोठ्या माणसांना पुडिंगचे नाव काढले तरी अंगावर काटा येतो. ए. ए. मिल्न ह्यांनी तर १९२४ साली पुडिंग पाहून रडणाऱ्या एका मुलीवर बालगीतच लिहिले आहे. पण ती शाळेतल्या मोठ्या पातेल्यातली, गोळा झालेली, कोमट लापशी. तिच्यावरून घरच्या पुडिंगची परीक्षा करू नये. मी जामऐवजी साखरआंबा घालते. उन्हाळ्यात केलेल्या बरणीच्या तळाशी जे दोन-चार चमचे उरलेले असतात, ते दिवाळीपर्यंत पाकात चांगले मुरतात. आंबट-गोड आणि दुधाळ अशी ती जोडी पाहुण्यांना सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. मधुमेहाच्या मंडळींना मात्र दोन चमच्यांवर थांबवावे. तांदूळ आणि साखर एका वाटीत आहेत, हे त्यांच्यापासून लपवू नये.

फराळाचे डबे तळाला गेले, तळणीच्या वासाचा घराला कंटाळा आला, की त्या रविवारी दुपारी चारला भांडे आत सारावे. सहाला बाहेर काढावे, पंधरा मिनिटे निवू द्यावे आणि कोमट असतानाच वाढावे. सहा माणसांना पुरते. उरले तर दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी थंड दूध घालून सैल करून घ्यावे. सायीचे तुकडे मात्र भांडे टेबलावर नेण्यापूर्वी माणसे मोजून, सुरीने, आतच कापून ठेवावेत.